गोवरीतलं बी

माझी बायको गेली त्या दिवशी सरणासाठी गोवऱ्या मीच काढून दिल्या. दुसऱ्या कुणी दिल्या असत्या तर त्याला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो.

झड लागली होती. पोळा तोंडावर आला होता आणि आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. अंगणातल्या गोवऱ्यांच्या ढिगावर कागद टाकलेला होता, पण खालून पाणी शिरलं होतं. गोवरी हातात घेतली की चिखलासारखी सुटायची. दारात गावातली माणसं उभी होती, आत बाया तिला आंघोळ घालत होत्या. कुणीतरी म्हणालं, लाकडंबी ओलीच हायेत, कोरड्या गोवऱ्या असल्या तर बघा, न्हाईतर इस्तू धरायचा न्हाई. मी उठलो आणि गोठ्यात गेलो. गव्हाणीच्या वर, पत्र्याच्या आडोशाला, भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या होत्या. खडखडीत वाळलेल्या. खुरप्यानं एकेक सोडवली, पाटी भरली आणि बाहेर आणून दिली. एक जण म्हणाला, झ्याक झालं, ह्या लगेच धरतेत. तेव्हा मला बरं वाटलं. तिच्यासाठी आपल्या हातानं काहीतरी झालं असं वाटलं. पोरानं विस्तवाचं मडकं हातात धरलं, त्यातली पहिली गोवरीसुद्धा त्या पाटीतलीच होती.

त्या भिंतीला हात लावायचा नाही, हे ती दरसाल सांगायची. मी हूं म्हणायचो. माझा हूं कसला असतो ते तिला माहीत होतं, म्हणून ती परत परत सांगायची.

त्या गोवऱ्यांत तिचं टमाट्याचं बी होतं.

ते टमाटं तिनं लग्नानंतर माहेराहून आणलेलं. नेकनूरच्या अंगाला तिचं माहेर. चपटं, भोपळ्यासारख्या कळ्या पडलेलं, पातळ सालीचं आणि लई आंबट. पिकलं की देठापाशी तडकायचं. बाजाराच्या कामाचं नाही. कॅरेटमध्ये भरलं तर मोंढ्यावर पोचेपर्यंत त्याचा रस्सा व्हायचा. दरसाल चांगलं फळ बघून ती ते झाडावरच पार लाल होऊ द्यायची, मग पिळून बी काढायची, राखेत घोळायची आणि ओल्या शेणात दाबून गोवरी भिंतीला मारायची. पोळा झाला की एक गोवरी काढायची, फोडायची आणि वाफ्यात पसरायची. घरातल्या दुसऱ्या गोवऱ्यांत आणि त्या गोवऱ्यांत दिसायला काही फरक नव्हता. फरक होता तो भिंतीचा, आणि तो मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होता.

मी टमाटं करायचो ते संकरित. वडवणीच्या दुकानातून रोपं आणायचो, तार-बांबू करायचो, खताची गोणी ओतायचो, दर चार-सहा दिवसांनी औषध मारायचो. दुकानदारानं टोपणभर सांगितलं तर मी दोन टोपणं घ्यायचो. जास्त घातलं की जास्त गुण, एवढंच माझं शास्त्र. चौथीपर्यंत शाळा शिकलो, पुढं सगळं रानानं आणि दुकानदारानं शिकवलं.

तिचा तुकडा विहिरीच्या अंगाला होता. आमच्या खटल्याच्या मानानं हातरुमालाएवढा. गावातल्या बचत गटाच्या बायांबरोबर ती कुठंतरी शिकायला गेली आणि येताना डोक्यात ड्रम घेऊन आली. एका निळ्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधाची मूठभर माती. ते ती झाडांच्या बुडाशी घालायची. दुसऱ्यात कसकसला पाला. लिंबाचा, रुईचा, निरगुडीचा, करंजाचा, सीताफळाचा. तो महिनाभर कुजवायची, काठीनं सकाळ-संध्याकाळ ढवळायची, मग गाळून फवारायची. वास असा की पाहुणा अंगणातूनच परत जाईल. मी तिला शेणमुताची डाक्तरीण म्हणायचो. चार माणसांत म्हणायचो आणि माणसं हसायची. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "यांच्या औषधाचा वास आला की म्हैस तोंड फिरविती. माझ्या ड्रमाचा आला की नुसते हेच फिरवितेत."

तेव्हा माणसं माझ्यावर हसली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

ती ढवळून आली की हाताचा वास जायचा नाही. त्याच हातानं भाकरी वाढायला आली की मी ताट सरकवायचो आणि हात धुऊन ये म्हणायचो. ती म्हणायची धुतलेत. मी म्हणायचो, परत धू. ती उठून परत धुवायची. भाकरी तव्यावर करपायची.

आणि तरी घरात टमाटं शिजायचं ते तिच्याच तुकड्यातलं. माझ्या रानातलं एकसुद्धा नाही. ठेचायला, आमटीला, कशालाच नाही. त्यावर मी काय काय मारलंय ते मला ठाऊक होतं ना. मीच सुनेला सांगायचो, बाई, विहिरीकडचं आण. लोकांच्या ताटात कोणतं गेलं याचा विचार मी केला नाही. आता येतो तो, पण आता येऊन काय करतो.

तेरावा झाला, पाहुणे गेले. पोर आपल्या कामाला लागलं. मी गोठ्यात बसून राहायचो. एक दिवस सून चहा घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. ती जास्त बोलणारी नाही. मला म्हणाली, "मामा, वाफ्याची येळ झाली. पर आत्यांचं बी न्हाई."

मी म्हटलं, असंल कुठंतरी, बघ उतरंडीत.

"उतरंडीत न्हाई. त्या भितीला व्हतं."

मी वर बघितलं. भिंतीवर गोल गोल डाग होते, गोवऱ्या निघाल्या तिथं. चहा हातातच राहिला. सून खाली बघत होती. कप घेऊन ती आत गेली.

त्यानंतर मी घर उपसलं. चिंध्यांच्या गाठोड्यात दोडक्याचं बी होतं, गवारीचं होतं, वाळकाचं होतं. डब्यात अंबाडीचं होतं. टमाट्याचं कुठंच नाही. तिचं सगळं त्या भिंतीवर होतं आणि भिंतीवरचं मी पाटीत भरलं होतं.

मग नेकनूरला गेलतो. वडवणीहून बीड, बीडहून दुसरी गाडी. तिथं मेव्हणी असते, बायकोची धाकटी बहीण. तिच्याकडं तरी दोन दाणे असतील म्हणून गेलो. मेव्हणी मला दारात बघून हसायला गेली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दाजी, आक्का व्हती तवर बोलावून बोलावून थकले, कधी आला न्हाईत. आता कसे आलात आपल्या पायानं?" मी बी मागितलं. ती म्हणाली तिच्याकडं कशाला असंल, तिनं कधी ठेवलंच नाही, आक्काकडूनच दरसाल रोपं आणायची. आई गेल्यापासून ते टमाटं आक्काकडंच राहिलं होतं. मग तिनं विचारलं, आक्काकडच्या बियाचं काय झालं?

मी म्हटलं, उंदरानं खाल्लं.

ती माझ्याकडं बघत राहिली. "राखंतलं? शेणातलं? उंदरानं?"

मी पाणी मागितलं. तिनं दिलं. परत विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मला वाटलं परत जावं आणि खरं सांगावं. गाडी सुटली होती. सुटली नसती तरी मी उतरलो असतो का, सांगता येत नाही.

रोपं सापडली ती मोरीच्या पाण्याला. आमच्या घरामागं भांडी घासायची जागा आहे, तिचं पाणी सरीनं केळीच्या बुडाशी जातं. तिथं चिखलात मी पाय घसरून पडता पडता वाचलो आणि खाली बघितलं तर टमाट्याची बारकी रोपं. आपसूक उगवलेली. पाच-पन्नास असतील, दाटीनं. पान चुरगाळलं, वास घेतला. टमाटंच. आधी मनात आलं, माझ्याच संकरितातलं असणार. मग तिथंच उकिडवा बसलो. आमच्या घरातल्या ताटावर, पाट्यावर, खरकट्यात माझं टमाटं कधी आलंच नव्हतं. मोरीतून वाहून आलेलं बी तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. जी गोष्ट आठवली की मान खाली जायची, तिच्यावरूनच मला ती रोपं ओळखता आली. सुनेला हाक मारली. ती आली, बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. जरा वेळानं खुरपं आणि पाटी घेऊन आली.

आम्ही ती मुळाच्या मातीसकट उचलली आणि विहिरीकडच्या तुकड्यात लावली. शेणखत बायकोनंच टाकून ठेवलेलं होतं, पावसाआधी. बांधावर तिचा झेंडू होता. लिंबाखाली तिचा पाल्याचा ड्रम होता. गोणपाट बांधलेलं होतं, खाली काळा अर्क शिल्लक होता. रोपांवर किडीचे ठिपके दिसायला लागल्यावर मी तो गाळला आणि पंपात ओतला. अर्धा पंप अर्क, अर्धा पंप पाणी. तिचं आहे, चांगलंच असणार, जास्त घातलं की जास्त गुण. ढोरांचं ताजं मूत्रही वर थोडं घातलं. चोख फवारलं, पान न् पान भिजवलं. फवारताना तिच्याशी बोललोसुद्धा. बघ म्हटलं, तुझंच मारतोय, औषध न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं कडेनं काळी पडली. तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखी खाली लोंबली. तुकड्याच्या मधली सगळी गेली. बांधाच्या कडेची, जिथवर पंपाचं पाणी नीट पोचलं नव्हतं, ती सहा तेवढी राहिली. एकदा तिच्याबरोबर जाळलं होतं, आता उरलेलं तिच्याच अर्कानं जाळलं.

सून आली. वाकून पानं बघितली. म्हणाली, आत्या पंपाला अर्धा तांब्या घेत होत्या, रोपं बारकी असली तर त्याच्याही निम्मा. मला राग आला. स्वतःचा होता, तिच्यावर काढला. म्हटलं, ठाऊक व्हतं तर आधी कावून न्हाई सांगितलं?

"तुमी इचारलंच न्हाई, मामा." मग थांबून म्हणाली, "त्या दिशीबी मी दारात व्हते. पाटी भरताना बघत व्हते. सगळी माणसं उभी, आत्या आत, अन् मी बी-बियान्याचं काय बोलू? न्हाई बोलले. तवापासून झोप न्हाई."

तोपर्यंत मला वाटत होतं हे ओझं माझ्या एकट्याचं आहे. ही पोरगी तेच घेऊन रोज माझ्यासमोर चहा ठेवत होती. तुझी काही चूक न्हाई, असं मी म्हणायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून निघालं, चल, ड्रम धुऊ.

त्या दिवसापासून ती सांगायची आणि मी करायचो. साठ वरसं कुणाचं ऐकलं नाही, आता सुनेचं ऐकायला लागलो. शेण ताजं, मूत्र शिळं, गूळ काळा, बेसन मूठभर, माती झाडाखालची. ड्रमाला झाकण घट्ट लावायचं नाही, गोणपाट टाकायचं, त्याला श्वास लागतो. ढवळायचं एकाच अंगानं, सावलीत. पहिल्या दिवशी मी उलटं ढवळलं तर म्हणाली, मामा, आत्या अशा न्हाई ढवळत. गेलेल्या माणसाबद्दल सून ते अजून असल्यासारखं बोलते. मला ते बरं वाटतं.

पाला आणायला मी डोंगराच्या अंगाला जायचो. शेळी ज्याला तोंड लावत नाही तो पाला घ्यायचा, असं सून म्हणाली. तिकडं एक धनगर शेळ्या-मेंढ्या घेऊन असतो, लहानपणचा माझा सोबती. मला शेळ्यांच्या मागं फिरताना बघून तो लांबूनच ओरडला, "कावून बे, म्हातारपणी शेळ्या वळायला लागला का?"

मी म्हटलं, ह्या काय खात न्हाईत ते बघतोय.

"ह्या काय खात न्हाईत? माझं नवं धोतर खाल्लं यांनी सुकायला टाकलेलं. रुई तेवढी सोडतेत, अन् निरगुडी. अन् मला." मग काठी टेकून तो माझ्याबरोबर निरगुडी ओरबाडायला लागला. ओरबाडता ओरबाडता म्हणाला, वहिनी इथंच यायच्या पाल्याला, लई वरसं. मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणायची?

"शिव्या न्हाई द्यायच्या," तो म्हणाला. "म्हणायच्या, आमचं माणूस एक दिवस येईल पाल्याला. नाक दाबून येईल, पर येईल."

मी पाल्याचं गाठोडं बांधलं आणि आलो. नाक दाबायला हात मोकळे नव्हते.

महिनाभर ढवळलं. आता माझ्या हाताचा वास जात नाही. साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं, तरी जेवायला बसलो की भाकरीला तो वास येतो. सून वाढायला आली की मी हात मागं घेतो. ती कधीच म्हणणार नाही, हात धुऊन या म्हणून. मी माझ्या बायकोला रोज म्हणत होतो.

कडेची रोपं सावरली. नवीन पालवी आली, फुटवे आले, फुलं आली. शेण-गुळाच्या ड्रमातलं जीवामृत बुडाशी, पाल्याचा अर्क अर्धा तांब्या पंपाला, मधून एखाद वेळ आंबट ताक पाण्यात घालून. पिवळ्या डब्यांचे पत्रे कापून, त्यांना एरंडेल चोपडून काठ्यांना लावले. तेही तिचंच, उडती माशी त्याला चिकटते. बारीक हिरवी फळं धरली तेव्हा मी रोज मोजायला बसायचो आणि मोजलेलं विसरायचो.

मग बोकड्या आला. पांढऱ्या माशीनं पानं आखडायला लागली, वाटीसारखी वळायला लागली. आमच्याच शिवारात नाही, सिरसाळ्यापर्यंत हीच बोंब होती. माझ्या पोराचं संकरित रान शेजारीच. त्यानं औषधाचा सपाटा लावला. माझ्या तुकड्यातली चार झाडं आखडली, कडेची दोन अजून सरळ होती. पोर आलं, पंप पाठीवर घेऊनच आलं.

म्हणालं, "दादा, एक फवारा. बी वाचल्याशी मतलब हाय का न्हाई?"

बोलणं खोटं नव्हतं. मला बीच पाहिजे होतं. फळं कुणी खाणार नव्हतं, पिळून शेणात घालायची होती. एका फवाऱ्यानं काय होणार होतं? त्याला म्हटलं, उतर पंप, मी मारतो. पंप माझ्या पाठीवर घेतला. तोंडाला पंचा बांधला. हे सगळं माझ्या हातांना आपसूक येतं. नळी त्या दोन झाडांवर धरली आणि दांडा दाबायला गेलो. आणि मोरीपाशी उकिडवा बसलो होतो ते आठवलं. ही रोपं मी ओळखली कशावरून? फवारलेलं आम्ही खात नाही, यावरून. आज मारलं तर ही दोनसुद्धा माझ्याच रानातली झाली. मग त्यातून निघालेलं बी तिचं म्हणून भिंतीला कशाच्या बळावर मारू?

पंप उतरवून त्याला दिला. तो चिडला. म्हणाला, आईला आता काय कळणार हाय. बोलून गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचीही आई होती ती.

मी म्हटलं, "तिला न्हाई कळायचं. तिनं सांगितलेलं मी एकदाबी ऐकलं न्हाई, ते मला कळतं."

तो पंप घेऊन आपल्या रानात गेला. मी आखडलेली चारही झाडं उपटली. त्यातल्या एकाला सगळ्यात जास्त फळं होती. हिरवीच. ते मी सगळ्यात शेवटी उपटलं. पण त्याच्यावरची माशी त्या दोघांवर गेली असती. लांब नेऊन खड्ड्यात पुरली. उरलेल्या दोघांना रोज सकाळी पानाच्या पोटाकडून बघायचो, माशी दिसली की बोटानं चिरडायचो. अर्क मारायचो. नुसता बसून राहायचो. वाचली ती अर्कानं वाचली, का उपटल्यानं, का थंडी पडली म्हणून, मला सांगता येणार नाही. वाचली एवढं खरं.

पहिलं फळ लाल झालं, देठापाशी तडकलं. तिचंच होतं. चपटं, कळ्या पडलेलं. सूनही उभी होती, पोरही आलं होतं बघायला. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तिच्या हातची त्या टमाट्याची चटणी, भाजलेली, लसूण घालून, वर कच्चं तेल. मी फळ तोडलं आणि वाटीत पिळलं. बी राखेत घोळलं. सुनेनं शेण आणलं होतं, ती थापायला बसली. मी म्हटलं, सरक, मी थापतो. माझी गोवरी वाकडी झाली. ती हसली. तिची सासू गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

चोथा राहिला होता वाटीत, साल आणि गर. सुनेनं त्यात मीठ घातलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी पोराकडं सरकवलं. त्यानं बोट लावून चाटलं आणि उठून गेला.

एकामागून एक फळं पिकत गेली. गोवऱ्या भिंतीला मारल्या, त्याच भिंतीला, त्याच डागांवर. वाळल्यावर त्यातली एक कापडात बांधून मी परत नेकनूरला गेलतो. मेव्हणीच्या हातात दिली. तिनं वास घेतला, उलटीपालटी करून बघितली. मी म्हटलं, "उंदरानं खाल्लं न्हाई. म्या खोटं बोललो. सरणाला कोरड्या गोवऱ्या पायजे व्हत्या, त्या म्याच काढून दिल्या. तिच्या संगं जळालं सगळं."

तिनं गोवरी मांडीवर ठेवून तिच्यावरनं हात फिरवला. मग म्हणाली, "मंग असं म्हना की दाजी, आक्काच घेऊन गेली आपलं बी संगं."

तिनं माझ्यासाठीच म्हटलं होतं. तसं म्हणून मला गाडीत बसता आलं असतं. पण ते खरं नव्हतं.

"तिनं न्हाई नेलं," मी म्हटलं. "तिला पोळ्यानंतर वाफा करायचा व्हता. म्या पाटीत भरलं."

मेव्हणी उठली. जेवायला वाढलं. मी हात पुढं करताना मागं घेतला तर तिनं विचारलं कसला वास आहे. मी सांगितलं, ड्रमाचा. ती म्हणाली, आक्काच्या हाताला यायचा हा. आणि भाकरी ताटात टाकली.

घरी आल्यावर मी पोराला आणि सुनेला गोठ्यात बोलावलं. भिंत दाखवली. सांगितलं, माझ्या सरणाच्या येळंला ह्या भितीला हात लावायचा न्हाई. झड असू दे, वावटळ असू दे, कुणीबी मागू दे. पोर भडकलं, हे काय बोलणं झालं म्हणालं आणि बाहेर निघून गेलं. सून गेली नाही. तिनं चुन्याची वाटी आणली आणि गोवऱ्यांच्या भोवतीनं बोटानं पांढरी रेघ ओढली, पार कोपऱ्यापर्यंत. रेघ ओढताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी हूं म्हटलं नाही. तिथं उभा राहून नीट बघून घेतलं, कुठून कुठवर ते.

माझ्यासाठीच्या गोवऱ्या मी वेगळ्या रचून ठेवल्यात. गोठ्याच्या मागच्या अंगाला, विटांवर फळी टाकून, वर पत्रा. पाऊस लागत नाही. मधून मधून जाऊन हात लावून बघतो, कोरड्या आहेत. एकेक फोडूनही बघितलीय. नुसतं शेण आहे, आत काही नाही.